पेठांतले रस्ते करण्याआधी वाड्यांचे उंबरठे मोजा : पुणे महानगरपालिकेला खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका,
तसेच पथ विभाग, हेरिटेज सेल, मलनिःसारण, पाणीपुरवठा, विद्युत व बांधकाम विभाग आणि पेठांतील क्षेत्रीय कार्यालये

विषय : जुन्या शहरातील रस्ते-सुधारणा आणि वाड्यांचे जतन ही दोन्ही कामे एकाच आराखड्यात घेण्याबाबत.

महोदय,

सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी टप्पा २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला. कसबा पेठ आणि मंडई ही स्थानके थेट जुन्या शहराच्या पोटात उघडली. तुळशीबाग, लक्ष्मी रस्ता, विश्रामबागवाडा, शनिवारवाडा इथे आता गाडी न आणता पोहोचता येते. पेठांतले पदपथ, चौक आणि इमारतींचे दर्शनी भाग सुधारायला याहून चांगली वेळ नाही. ही कामे व्हावीत असे आम्हाला मनापासून वाटते. त्यांचा क्रम चुकू नये, म्हणून हे पत्र.

आमचे मुख्य म्हणणे आधीच सांगतो. पेठांतला जुना वाडा मोडकळीला येण्याचे एक मोठे कारण त्याच्या दारासमोरचा रस्ता आहे. रस्ता दर काही वर्षांनी वर चढतो आणि वाडा आहे तिथेच राहतो. रस्त्याचे काम पथ विभागाच्या निविदेत जाते, वाड्याचा प्रश्न हेरिटेज सेलकडे किंवा धोकादायक इमारतींच्या यादीत जातो, आणि दोन्ही फायली एकमेकींना कधी भेटत नाहीत.

वाडा उभा कसा राहतो हे पाहिले की कारण लगेच कळते. खाली काळ्या दगडाचे, चुन्यात बांधलेले जोते. त्यावर दगडी तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया आणि कडीपाट. खांबांच्या मधल्या भिंती विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या, म्हणजे पाणी शोषणाऱ्या. पावसाचे उडणारे शिंतोडे आणि जमिनीतली ओल यांच्यापासून लाकूड आणि माती वर ठेवणे, हे जोत्याचे काम. काळा दगड स्वतः फारसे पाणी घेत नाही. दगडांमधल्या दर्जांतून, म्हणजे सांध्यांतून, आणि भिंतीच्या आतल्या भरावातून थोडी ओल वर चढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर सुकून जाते. ही व्यवस्था दोनशे वर्षे चालू शकते, पण जोते रस्त्याच्या वर राहिले तरच.

आता हिशेब करू. डांबराचा एक नवा थर साधारण ४० मिमीचा असतो. जुना थर न खरवडता असे पाच थर चढले की रस्ता २०० मिमी वर येतो, म्हणजे एक पूर्ण पायरी गाडली जाते. ज्या वाड्यांना बाहेरून दोन-तीन पायऱ्या चढून जावे लागे, त्यांतल्या अनेकांच्या दिंडी दरवाज्यात आज रस्त्यावरून सरळ पाऊल टाकता येते, आणि काही ठिकाणी पायरी उतरून आत जावे लागते. तिथे जोते जमिनीखाली गेलेले असते आणि भिंत थेट ओल्या भरावाला टेकलेली असते.

पुढचा क्रम ठरलेला आहे. आधी दोन-तीन फुटांपर्यंत भिंतीला लोणा (ओलीबरोबर वर येणारा क्षारांचा पांढरा थर) लागतो आणि चुन्याचा गिलावा सुटतो. मालक किंवा भाडेकरू गवंडी बोलावून तिथे सिमेंटचा गिलावा मारतात. सिमेंटमधून ओल बाहेर पडत नाही, म्हणून ती आतल्या आत आणखी वर चढते आणि वर्ष-दोन वर्षांत लोणा पाच फुटांवर दिसतो. ओल खांबाच्या पायाशी पोहोचली की सागसुद्धा कुजतो आणि ओल्या लाकडाला वाळवी लागते. खांब बोटभर खचला की वरची तुळई तिरकी होते, दर्शनी भिंतीला पोट येते. मग कधीतरी पावसाळ्यात कोपरा ढासळतो आणि महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ ची, म्हणजे धोकादायक इमारतीची, नोटीस दारावर लागते. या टप्प्यावर वाडा वाचवायला येणारा खर्च, वेळेत रस्ता खरवडण्याच्या खर्चाच्या कितीतरी पट असतो.

याला जोडून एक गोष्ट आहे, जी रस्त्यावरून दिसत नाही. वाड्याच्या चौकात पडणारे पावसाचे पाणी बाहेर जाण्यासाठी जमिनीखालून मोरी काढलेली असते आणि तिचे तोंड गल्लीकडे असते. गल्ली वर आली की हे तोंड बुजते किंवा पाणी उलटे आत येते. चौक तुंबतो आणि चारही बाजूंच्या ओसऱ्यांच्या खांबांना एकाच वेळी पाणी लागते. दर्शनी भाग रंगवून सुंदर केलेला आणि आत चौकात घोटाभर पाणी, असे काम आम्हाला जतन वाटत नाही.

म्हणून पहिली मागणी अशी : पेठांतल्या कोणत्याही रस्त्याच्या किंवा पदपथाच्या निविदेआधी उंबरठ्यांची मोजणी व्हावी. दर पाच मीटरवर रस्त्याचा मध्य आणि दोन्ही कडा, प्रत्येक दाराचा उंबरठा, दिसत असेल तिथे जोत्याचा माथा, प्रत्येक मोरीचे तोंड आणि प्रत्येक चेंबरचे झाकण व तळ यांच्या पातळ्या घ्याव्यात. जोते कुठपर्यंत गाडले आहे हे पाहायला प्रत्येक जुन्या इमारतीसमोर एक छोटा, दीड बाय दीड फुटाचा खड्डा हाताने खणावा. एका गल्लीचे हे काम थोड्या दिवसांत होते. ही आकडेवारी निविदेच्या नकाशावर छापली गेली पाहिजे. ती नसेल तर ठेकेदार जुन्या रस्त्याची पातळी प्रमाण मानतो, आणि चुकलेली पातळी पुढच्या कामात कायम होते.

नव्या रस्त्याची कड सर्वांत खालच्या उंबरठ्यापेक्षा किमान १५० मिमी खाली असावी. हे साधायचे तर बहुतेक ठिकाणी नुसते वरचे ४० मिमी खरवडून भागणार नाही. जुना सगळा थर काढून रस्ता खाली न्यावा लागेल. इथे दोन अडचणी नक्की येतात. पहिली, घरगुती नळजोडांच्या अर्ध्या-पाऊण इंची नळ्या याच वर चढलेल्या थरात टाकलेल्या असतात आणि यंत्राच्या पहिल्याच फेरीत त्या तुटतात. त्यामुळे पाणीपुरवठा विभागाने आधी नळजोड खाली घेतले पाहिजेत, आणि तेही सांडपाण्याच्या नालीतून न नेता वेगळ्या मार्गाने. दुसरी, चेंबरच्या माना. रस्ता वर आला तेव्हा प्रत्येक चेंबरवर विटांचे दोन-तीन थर रचून झाकण उचलले गेले होते. आता ते थर काढून चौकट नव्या पातळीला बसवावी लागेल. हे काम मलनिःसारण विभागाच्या वेगळ्या निविदेत राहिले, तर रस्त्याच्या मधोमध उंचवटे उरतात आणि पुढच्या वर्षी ते झाकायला पुन्हा डांबर ओतले जाते. ही दोन्ही कामे रस्त्याच्याच निविदेत, त्याच ठेकेदाराकडे असावीत.

गल्लीचा छेदही बदलायला हवा. मोठ्या रस्त्याला मध्य उंच आणि कडा खाली हा आकार योग्य आहे, कारण कडेला पावसाळी गटार असते. पण तीन-चार मीटरच्या गल्लीत कडेला गटार नसते, वाड्याची भिंत असते. तिथे मध्य उंच ठेवला की सगळे पाणी जोत्यावर जाते. अशा गल्लीत उतार उलटा, म्हणजे दोन्ही भिंतींपासून मध्याकडे द्यावा. मीटरला २५ मिमी उतार धरला तर चार मीटरच्या गल्लीत मध्य कडांपेक्षा ५० मिमी खाली येतो. चालताना हा फरक जाणवत नाही. मध्यावर घडीव दगडाची उथळ पन्हळ आणि ठरावीक अंतरावर जाळीचे चेंबर, लांबीच्या दिशेने दर दहा मीटरला किमान ५० मिमी उतार, एवढे पुरते. जाळीच्या फटी चालण्याच्या दिशेला आडव्या असाव्यात, नाहीतर सायकलचे चाक आणि काठीचे टोक अडकते.

गेल्या काही वर्षांत गल्ल्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत काँक्रीटने भरण्याची पद्धत रूढ झाली आहे. काँक्रीट टिकाऊ आहे, पण भिंतीला चिकटून ओतले की त्याखालच्या मातीतल्या ओलीला बाहेर पडायला एकच वाट उरते, ती भिंतीतून. जुन्या इमारतीच्या पायाशी ३०० ते ४५० मिमी रुंदीची पट्टी काँक्रीटविना ठेवावी. खाली खडी, त्यावर जाडी वाळू, वर काळ्या दगडाच्या चिपा, आणि सांधे वाळूने भरलेले. त्यात सिमेंट अजिबात नको. पट्टीला गल्लीकडे उतार द्यावा. छपराच्या पन्हळीचे पाणी या पट्टीत सोडू नये. ते नळीने थेट मधल्या चेंबरपर्यंत न्यावे. उताराचे छप्पर असलेल्या वाड्याच्या एका पन्हळीतून जोराच्या सरीत इतके पाणी येते की रोज एकाच जागी पडून ते जोत्याच्या दर्जा धुऊन काढते. या पट्टीचा खर्च रस्त्याच्या मानाने किरकोळ आहे, आणि आमच्या अनुभवात एवढ्या पैशात वाड्याला इतका उपयोगी पडणारा दुसरा उपाय नाही.

खोदकामाबद्दल थोडे कडक बोलावे लागेल. वाड्यांचे पाये फार खोल नसतात. भिंतीलगत खोल चर एका दमात पन्नास मीटर उघडला आणि रात्री पाऊस आला, तर भिंत पुढे सरकते. चर भिंतीपासून दूर, गल्लीच्या मध्याकडे घ्यावा. पायाच्या तळापासून ४५ अंशाने उतरणाऱ्या रेषेच्या खाली खोदायची वेळ आली, तर दोन-तीन मीटरचे तुकडे एक सोडून एक घ्यावेत आणि प्रत्येक तुकडा १५०-२०० मिमीच्या थरांत ठोकून बुजवल्याशिवाय पुढचा उघडू नये. वाड्यांच्या गल्लीत कंप देणारा रोलर वापरू नये. साधा रोलर किंवा हाताने फिरवायची लहान दाबपट्टी वापरून थर पातळ ठेवावेत. मोठा ब्रेकर लावायचाच असेल तर समोरच्या भिंतीवर कंपमापक बसवावा. अशा नाजूक इमारतींसाठी पायाशी सेकंदाला ३ मिमी ही मर्यादा जर्मन मानकात दिलेली आहे आणि जतनाच्या कामांत ती सर्रास पाळली जाते.

खोदताना कात्रजच्या नळाचे भानही हवे. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावांतून बांधीव नळाने शहरात पाणी आणले गेले. वाटेत उच्छ्वास (नळातली हवा सोडणारे उभे बांधकाम) आणि शेवटी हौद अशी ती रचना होती. फडके हौद, काळा हौद ही नावे अजून पत्त्यांत आहेत. या नळाचे आणि त्याच्या शाखांचे माहीत असलेले मार्ग रस्त्याच्या नकाशावर काढावेत, त्या पट्ट्यात यंत्र न लावता हाताने खणावे, आणि बांधकाम लागले तर फोटो, मापे, पातळी नोंदवून मगच नळी वळवावी. आज अनेकदा त्यातून सरळ केबल जाते आणि रात्रीतून काँक्रीट पडते.

आता पृष्ठभागाचे. चकचकीत ग्रॅनाइट पेठांत नको. पहिल्या पावसात त्यावर माणसे घसरतात आणि चार महिन्यांत पानाच्या डागांनी ते काळवंडते. ग्रॅनाइट वापरायचाच तर आचेने खरखरीत केलेला वापरावा. शहाबादी फरशी अंगणात छान टिकते, पण २५-४० मिमीची फरशी टेम्पोच्या चाकाखाली पहिल्याच महिन्यात तडकते. गल्लीत गाडी येणार असेल तर ७५ ते १०० मिमी जाडीचा काळा दगड, वाळूच्या थरावर. सिमेंटचे पेव्हर ब्लॉक वापरायचे असतील तर फक्त चालण्यासाठी ६० मिमी आणि गाड्यांसाठी ८० मिमी, आणि दोन्हीकडे कडेला पक्का दगडी बांध. ब्लॉक खचतात त्याची कारणे जवळजवळ नेहमी तीन असतात. खालचा थर नीट ठोकलेला नसतो, वाळू ३०-५० मिमीऐवजी वाटेल तेवढी टाकून तिच्यातच पातळी जुळवलेली असते, किंवा कडेला बांध नसल्याने ब्लॉक हळूहळू पसरतात. ब्लॉकच्या रंगावर बैठकीत जितका वेळ जातो तितका खालच्या थरावर जात नाही, याची आम्हाला खरोखर चिंता वाटते.

पदपथासाठी भारतीय रस्ते काँग्रेसचे मार्गदर्शक (आयआरसी १०३) मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि पदपथाची उंची जास्तीत जास्त १५० मिमी सांगते. मोकळी म्हणजे डीपी (विजेची पेटी), झाड, खांब, पायरी, दुकानाची पाटी आणि फिरता स्टॉल वजा जाता उरलेली. निविदेत मात्र भिंतीपासून कडेपर्यंतची रुंदी लिहिली जाते. जिथे १.८ मीटर मिळतच नाही, तिथे अर्ध्या मीटरचा पदपथ करू नये. त्यावर कोणी चालत नाही, फक्त दुचाकी टेकवल्या जातात. अशी गल्ली एकाच पातळीची ठेवून वेग कमी करणे आणि ठरावीक वेळेतच माल उतरवू देणे हा खरा उपाय आहे.

लोखंडी किंवा दगडी खुंट्यांबद्दल अपेक्षा माफक ठेवाव्यात. चाकाच्या खुर्चीला दोन खुंट्यांमध्ये किमान ९०० मिमी जागा लागते आणि तेवढ्यातून स्कूटर सहज निघते. स्कूटर अडेल इतक्या जवळ खुंट्या लावल्या तर आधी अडतो तो खुर्चीवरचा माणूस आणि मूल घेऊन ढकलगाडी चालवणारी आई. खुंट्या मोटारी अडवतात, आणि तेवढ्यासाठी त्या चांगल्या आहेत. दुचाकी पदपथावर येऊ नये यासाठी तिला उभे राहायला जागा हवी आणि रोजची कारवाई हवी. एका मोटारीच्या जागेत, म्हणजे पाच बाय अडीच मीटरमध्ये, दोन बाय एक मीटरच्या पाच दुचाकी बसतात. लक्ष्मी रस्त्याला मिळणाऱ्या गल्ल्यांच्या तोंडाशी मोटारींची जागा दुचाकींना दिली, तर पदपथावरचा ताण लगेच कमी होईल. काही खुंट्या काढता येण्याजोग्या ठेवाव्यात आणि त्यांच्या किल्ल्या अग्निशमन दलाकडे असाव्यात. १८२८ मध्ये शनिवारवाडा जळाला आणि १८७९ मध्ये विश्रामबागवाडा व बुधवारवाडा आगीत सापडले. लाकडी शहरात बंबाला वाट असणे ही जतनाचीच बाब आहे. देवडीतल्या उघड्या वायरी आणि एकावर एक टांगलेले मीटर हे आजचे आगीचे सर्वांत जवळचे कारण आहे. भूमिगत केबल टाकताना महावितरणबरोबर हे मीटर बंद पेटीत घेण्याचे काम त्याच फेरीत व्हावे, आणि दोन रिकाम्या नळ्या जास्तीच्या टाकून ठेवाव्यात, म्हणजे पुढच्या केबलसाठी रस्ता फुटणार नाही.

पदपथाच्या उंचीचे उंच पादचारी ओलांडे चौकांत चांगले काम करतात, पण पेठांच्या उतारावर असा ओलांडा म्हणजे पाण्यासमोर घातलेला बांध. त्याच्या चढाकडच्या बाजूला जाळी आणि चेंबर आधी बसवलेले नसेल, तर पाणी तुंबून शेजारच्या सर्वांत खालच्या उंबरठ्यातून आत जाईल. उंबरठ्यांची मोजणी इथेही कामाला येते.

पुण्यात रस्ता आखायचा आणि गणपतीचा मांडव विसरायचा, हे चालत नाही. दर वर्षी मांडवाच्या खांबांसाठी खड्डे खणले जातात आणि उत्सवानंतर ते कसेबसे बुजतात. तिथून पाणी खालच्या थरात जाते आणि रस्त्याचा भंग तिथूनच सुरू होतो. यावर कायमचा उपाय सोपा आहे. मंडळाबरोबर बसून मांडवाची जागा आणि खांबांचे अंतर ठरवावे, त्या जागी ४५० मिमी खोलीच्या लोखंडी नळ्या काँक्रीटमध्ये बसवाव्यात, तळाशी पाणी झिरपायला खडी, वर रस्त्याच्या पातळीला घट्ट झाकण. नळीचा व्यास मंडळाच्या खांबांना बसेल असा, साधारण १०० ते १२५ मिमी. प्रत्येक नळीची जागा पाणी, वीज, गटार यांच्या नकाशांशी ताडून घ्यावी. विसर्जन मिरवणुकीच्या मार्गावर आडव्या तारा, दिव्यांचे हात आणि कमानी यांची उंचीही रथांच्या उंचीशी जुळवून आधीच ठरवावी. आषाढात ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत मुक्कामाला असते. त्या रस्त्यांवर पाण्याचे नळ, तात्पुरत्या विजेचे जोड आणि मोकळी जागा यांची तरतूद कायमच्या आराखड्यात हवी.

दिवे लावताना बिडाचे नक्षीदार साहेबी खांब लावू नयेत, अशी विनंती. पेठांचा त्यांच्याशी संबंध नाही आणि प्रत्येक खांब अर्धा मीटर पदपथ खातो. मालकाच्या संमतीने भिंतीवरचा साधा हात लावावा, साडेतीन-चार मीटरवर, पिवळसर प्रकाशाचा. त्याचे खिळे दगडांच्या दर्जेत जावेत. घडीव दगडात किंवा लाकडी हस्तात (तुळईखालच्या आधारात) भोक पाडू नये.

दर्शनी भागांच्या सुधारणेत बहुतेक पैसा रंगावर जातो. लाकडी दर्शनी भागावर चकचकीत तैलरंग लावला की लाकडातली ओल आत कोंडते आणि रंगाखाली लाकूड भुसभुशीत होते. जुना रंग वाळूच्या माऱ्याने काढू नये, त्याने नक्षीच्या कडा जातात. गरम हवा आणि हाताची खरवडणी, मग जवसाचे तेल. दुकानांच्या पाट्या काढून टाका असे आमचे म्हणणे नाही, कारण पेठ बाजारावरच जगते. पाटी पहिल्या मजल्याच्या तळाशी, ठरलेल्या उंचीच्या पट्ट्यात असावी आणि मागचे खांब-हस्त झाकणारी पत्र्याची चौकट नसावी, एवढा नियम पुरेसा आहे. वातानुकूलन यंत्राचे पाणी दर्शनी भिंतीवर सोडण्यास मात्र पूर्ण बंदी हवी.

दुरुस्तीसाठी मालकांना दिल्या जाणाऱ्या सूचनाही बदलायला हव्यात. कुजलेल्या खांबाच्या पायाभोवती काँक्रीटचा बूट ओतणे ही सर्वाधिक दिसणारी आणि सर्वाधिक नुकसान करणारी दुरुस्ती आहे. काँक्रीट आकसते, लाकूड आणि त्याच्यात फट राहते, फटीत पाणी साचते आणि उरलेला खांब झाकल्या जागी कुजतो. योग्य पद्धत अशी : तुळईला टेकू देऊन भार काढून घ्यावा, निरोगी लाकूड लागेपर्यंत खालचा भाग कापावा, तेवढाच सुकवलेल्या सागाचा नवा तुकडा तिरक्या सांध्याने जोडावा, सांध्याची लांबी खांबाच्या जाडीच्या अडीच ते तीन पट. तळखडा आणि लाकूड यांच्यामध्ये शिशाचा पत्रा घालावा. जोत्याच्या दर्जा २०-२५ मिमी खोल कोरून चुन्याने भराव्यात. १ भाग भिजवलेला चुना आणि ३ भाग सुरखी (विटांचा चुरा) व वाळू हे साधारण प्रमाण. चुना किमान पंधरा दिवस भिजलेला हवा, आणि भरलेले काम पुढचे दहा-बारा दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवावे. घाईने भाजक्या उन्हात केलेला चुना भुकटी होऊन पडतो, आणि मग चुनाच वाईट, असे म्हटले जाते. दरपत्रकात चुन्याच्या आणि लाकडी सांध्याच्या बाबींना खरा दर नसेल तर कोणताही ठेकेदार सिमेंटकडेच वळेल. हे दर आधी दुरुस्त करावेत.

कलम २६४ मध्ये इमारत पाडणे हा एकच मार्ग नाही. सुरक्षित करणे आणि दुरुस्त करणे हेही त्यात आहे. नोटीस देण्याआधी जुन्या लाकडी बांधकामाचा अनुभव असलेल्या अभियंत्याने पाहणी करावी आणि कोणता भाग धोकादायक आहे ते नकाशावर दाखवावे. पुष्कळदा एक कोपरा किंवा एक दर्शनी भिंत धोकादायक असते आणि टेकू लावून ती त्याच दिवशी सुरक्षित करता येते. रहिवाशांना हलवावे लागले तर प्रत्येक भाडेकरूच्या खोलीचे माप आणि ताबा पंचनाम्यात लिहून द्यावा. खोली कायमची जाईल या भीतीने माणसे धोक्यात राहतात, आणि ती भीती कागदानेच कमी होते.

शनिवारवाड्याभोवतीच्या घरांचा प्रश्न वेगळा आणि कठीण आहे. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि पुढच्या २०० मीटरांत ते नियंत्रित आहे. पुनर्बांधणी अडली म्हणून तिथली अनेक घरे दुरुस्तीविना राहिली आहेत. पण १६ जून १९९२ पूर्वीपासून असलेल्या घराच्या दुरुस्तीसाठी प्रतिबंधित क्षेत्रातही परवानगी मागता येते. त्या अर्जाला मोजणी नकाशा, फोटो आणि कामाचा तपशील लागतो, आणि हे सामान्य भाडेकरूला एकट्याने जमत नाही. क्षेत्रीय कार्यालयात आठवड्यातून एक दिवस यासाठी माणूस बसवला, तर अनेक घरांचे छप्पर पुढच्या पावसाआधी नीट होईल.

वारसा यादीतल्या इमारतींना टीडीआरची, म्हणजे न वापरलेला बांधकाम-हक्क दुसरीकडे वापरण्याची किंवा विकण्याची, तरतूद आहे. पण पेठांतले बहुसंख्य वाडे कोणत्याच श्रेणीत नाहीत, आणि गल्लीचे रूप घडते ते याच बिनश्रेणीच्या घरांमुळे. त्यांच्यासाठी वेगळी योजना येईपर्यंत निदान त्यांच्या पायाशी काय करायचे हे महापालिकेच्याच हातात आहे, कारण तो रस्ता महापालिकेचा आहे.

कामाचा क्रम सुचवतो. एकदम सगळ्या पेठा घेऊ नयेत. कसबा पेठेतली एक आणि शुक्रवार पेठेतली एक, अशा दोन गल्ल्या निवडाव्यात. गणेशोत्सवानंतर लगेच उंबरठ्यांची मोजणी, खड्डे घेऊन जोत्यांची पाहणी, मंडळांशी बैठक. दिवाळीनंतर नळजोड, गटार आणि केबल. डिसेंबर ते फेब्रुवारी जोत्यांच्या दर्जा आणि कडेची पट्टी, कारण चुन्याला हा हंगाम मानवतो. मार्च-एप्रिलमध्ये पृष्ठभाग. मेमध्ये दर जाळीशी पाण्याचा टँकर रिकामा करून उतार तपासावा. जिथे पाणी साचेल तिथे खडूने रेघ मारून तो भाग उचलून पुन्हा बसवावा. ठेकेदाराच्या देयकाचा राखून ठेवलेला हिस्सा एक पूर्ण पावसाळा गेल्यावर, त्याच उंबरठ्यांच्या पातळ्या आणि भिंतींतली ओल पुन्हा मोजून मगच सोडावा, आणि ती मोजणी गल्लीतल्या रहिवाशांना वाचता येईल अशी चौकात लावावी. या मोजणीसाठी आणि दोन्ही गल्ल्यांच्या कामावर विनामोबदला देखरेख करण्यासाठी आमच्यातले गवंडी, सुतार आणि अभियंते उपलब्ध आहेत. क्षेत्रीय कार्यालयाने दिवस कळवावा.

आपले,
पेठांतल्या जुन्या इमारतींचे आणि रस्त्यांचे काम करणारे आम्ही गवंडी, सुतार, पाथरवट, वास्तुरचनाकार आणि स्थापत्य अभियंते
पुणे